एल्देरच्या खिडकीशेजारची नळी

प्रति,
मा. प्रमुख अभियंता,
बांधकाम व स्वच्छ हवा विभाग,
नगरपालिका, विलार दा फोश.

विषय : कपड्यांवरील छपाईच्या ड्रायरची वाफ घराबाहेर सोडण्यासाठी मागच्या भिंतीवर, वरच्या मजल्याच्या उंचीवर नळी बसवण्याची परवानगी मिळणेबाबत (अर्ज तिसरा).

संदर्भ : १) तळमजल्यावरील जुनी नळी सीलबंद करण्याचा आपला आदेश.
२) "शेजारच्या खिडकीमागे माणूस राहतो" या कारणास्तव परत आलेला आमचा पहिला अर्ज.
३) "घरातील तिसरा रहिवासी कोठे झोपतो याचा खुलासा करावा" असा शेरा मारून परत आलेला दुसरा अर्ज.

महोदया,

जाळेवाल्यांच्या गल्लीत राहणारी झुल्मिरा क्रावेइरो आपल्यासमोर हा अर्ज ठेवते. मागच्या दोन्ही अर्जांत 'मी' हा शब्द फार वेळा आला होता. आपल्या कार्यालयाच्या खिडकीवरच्या तरुण साहेबांनी तो दाखवून सांगितले, "मावशी, अर्जात मी-माझं नको. अर्जदार म्हणायचं. त्यानं वाचणाऱ्याला त्रास होत नाही." लिहिणारीलाही थोडा कमी होईल असे वाटल्याने हा अर्ज त्या रीतीने लिहिला आहे. चुकून कुठे राहून गेले असल्यास क्षमा असावी.

१. अर्जदार व तिचे पती आर्मिंदो क्रावेइरो हे आपल्या घराच्या तळमजल्यावर टी-शर्ट छापतात. फुटबॉल क्लबचे, शाळांचे, जत्रांचे, लग्नाआधी मुलं एकमेकांची टिंगल करायला घालतात तेही. छपाईची शाई रबरासारखी असते. ती उन्हात ठेवून वाळत नाही, तिला शिजवावे लागते. त्यासाठी ड्रायर असतो. लांबोडक्या भट्टीसारखा, आतून सरकता पट्टा. एका तोंडाने ओला शर्ट आत जातो, दुसऱ्या तोंडाने कोरडा आणि गरम बाहेर येतो. शाई शिजताना जी वाफ निघते ती डोळ्यांत झोंबते, घशात बसते. ती बाहेर सोडावीच लागते. हे आपणास ठाऊक असणारच, परंतु पहिल्या अर्जावर "वाफ कशाची?" असा प्रश्न लिहिलेला होता, म्हणून लिहिले.

२. पूर्वी ही वाफ सोडण्यासाठी तळमजल्याच्या खिडकीतून एक चंदेरी, घड्यांची नळी मागच्या अंगणात काढलेली होती. ती अर्जदाराचा मुलगा एल्देर याने बसवली होती. तो तेव्हा आमच्याबरोबर काम करी. त्याचे डोके सतत दुखायचे. बापाला म्हणायचा, "बाबा, दिवसभर इथं शर्ट भाजतो आपण, की आपणच भाजतो?" आर्मिंदो म्हणाला, "नको असेल तर जा मग मामाच्या बोटीवर. तिथं हवा भरपूर." हे हसत म्हटले होते आणि मुलगाही हसला होता. पुढच्या वसंतात तो खरोखरच मामाकडे बोटीवर गेला. मामाची बोट 'एस्त्रेला'. जाताना बापाला सांगून गेला की पंख्याच्या पात्यांवर तेल जमतं, दर महिन्याला पुसत जा. आर्मिंदो पुसत असे.

३. अंगणापलीकडे कुश्तोदिया बाई राहतात. वय झालेल्या, नवरा फार वर्षांपूर्वी समुद्रात गेलेला. नळीचे तोंड त्यांच्या कपड्यांच्या दोरीकडे होते. त्या पहिल्यांदा कुंपणावरूनच बोलल्या, "अगं झुल्मिरा, माझ्या चादरींना पेट्रोल पंपाचा वास येतो. झोपले की स्वप्नात ट्रक चालवते मी!" अर्जदार हसली आणि मक्याची भाकरी देऊन आली. नळी मात्र तिथेच राहिली. तेव्हा बाईंनी आपल्याकडे तक्रार केली. त्यात त्यांची काही चूक नव्हती असे अर्जदार आजही म्हणते. आपले लोक येण्याच्या आतच 'एस्त्रेला' बुडाली.

४. ही घटना आपणास माहीत आहे, सबंध गावाला माहीत आहे, तरी अर्जात असावी म्हणून लिहिते. परतीच्या वाटेवर, खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्यावरची माणसे पाहत असताना बोट उलटली. आत पाच जण होते. मामासह चौघांचे देह सापडले. एल्देर सापडला नाही.

५. त्यानंतर काही आठवड्यांनी आपले निरीक्षक आले. भले गृहस्थ होते. दारातला काळा पडदा पाहून त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "वाईट वाटतं हो, पण कागद निघालेला आहे." त्यांनी चंदेरी नळी काढून भोक पत्र्याने बंद केले व त्यावर सील लावले. कुश्तोदिया बाई धावत आल्या. "मी तक्रार मागे घेते," म्हणाल्या. "त्यांच्या घरात हे असं झालेलं असताना माझ्या चादरी गेल्या खड्ड्यात!" साहेब म्हणाले की तक्रार एकदा नोंदली की ती कार्यालयाची होते, तक्रारदाराची राहत नाही. बाई तिथेच अंगणात बसल्या आणि रडल्या. आर्मिंदोने त्यांना हात धरून घरी सोडले.

६. आदेशानुसार नळी अंगणाच्या उंचीवर चालणार नव्हती, ती वर न्यायची होती. पंखेवाला येऊन पाहून गेला. पुढची बाजू रस्त्याकडे, तिथे मनाई. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या. छतावर न्यावी तर इतकी उंच नळी थंड पडते, वाफेचे तेल होऊन ते परत ड्रायरवर ठिबकते आणि पेट घेऊ शकते. राहिली मागची भिंत, वरच्या मजल्याच्या उंचीवर. त्या भिंतीत एकच खिडकी आहे. ती एल्देरच्या खोलीची. माणूस झोपतो त्या खोलीच्या खिडकीशेजारी असे तोंड ठेवता येत नाही, असा आपला नियम आहे. नियम योग्य आहे. पहिला अर्ज त्यामुळे परत आला.

७. दुसऱ्या अर्जात आर्मिंदोने लिहिले की खोली रिकामी आहे, खिडकी विटांनी बुजवू. अर्जदाराला न दाखवता लिहिले. अर्ज परत आला तेव्हा तो अर्जदाराच्या हाती पडला. त्या दिवशी घरात जे झाले ते कार्यालयाने ऐकावे असे नाही. अर्जदार म्हणाली, "रिकामी? त्याची उशी आहे तिथं. त्याचे बूट आहेत. परवा चादर बदललीय मी." आर्मिंदो म्हणाला, "कुणासाठी बदललीस?" एवढेच म्हणाला. मग दोघेही जेवले नाहीत.

त्या अर्जावरचा शेरा असा होता की नगरपालिकेच्या नोंदीत घरात तीन माणसे आहेत, झोपण्याच्या खोल्या दोन. एक बंद केल्यास तिसरा रहिवासी कोठे झोपतो? तिसऱ्याचे नाव कमी करायचे तर दोन मार्ग. त्याने स्वतः सही करून दुसरीकडे राहायला गेल्याचे कळवावे, किंवा मृत्यूचा दाखला जोडावा. ज्याचा देह सापडला नाही त्याचा दाखला आपोआप मिळत नाही. त्यासाठी घरच्यांना न्यायालयात जाऊन मागावा लागतो. म्हणजे आईला मागावा लागतो.

अर्जदाराने मागितला नाही.

८. या काळात काम बंद ठेवता आले नाही, कारण दुसरे काम येत नव्हते. आर्मिंदो दार उघडे ठेवून ड्रायर चालवी. वारा असला तर वाफ बाहेर जाई. नसला तर ती खोलीत दुधासारखी साचे. त्याचे डोळे कायम लाल असत. ग्राहक विचारत, "काय झालं हो आर्मिंदो?" तो सीलकडे बोट दाखवून म्हणे, "नगरपालिकेला विचारा." लोक हसत. अर्जदाराला हळूहळू उमगले की तो पट्ट्यापाशी उभा राहून रडतो. घरात, चर्चमध्ये, समुद्रावर तो कधी रडला नाही. तिथे रडायचा, कारण तिथे कुणी कारण विचारत नव्हते. एकदा अर्जदार म्हणाली की काम कमी घेऊ या. तो म्हणाला, "राहू दे गं. तेवढंच बरं वाटतं." याचा अर्थ अर्जदाराने तेव्हा कामाबद्दल लावला.

९. उन्हाळ्यात मच्छीमार संघाचे चिटणीस आले. ऑगस्टमध्ये समुद्रमातेची मिरवणूक निघते, बोटी सजवतात. यंदा सगळ्यांनी 'एस्त्रेला'च्या आठवणीचे शर्ट घालायचे ठरले होते. पांढऱ्या शर्टावर निळी बोट आणि खाली पाच नावे. चिटणीस टोपी हातात फिरवत म्हणाले, "दुसऱ्या गावात छापून घेतले असते, आर्मिंदो. पण मग तुम्हाला वाईट वाटलं असतं. आणि इथं आणले तरी वाईट वाटणार. काय करावं सांगा." आर्मिंदो म्हणाला, "ठेवा इथं."

शाई ज्यातून शर्टावर उतरते त्या छपाईच्या जाळीवर त्याने चित्र उतरवले. संध्याकाळी अर्जदार खाली गेली तर जाळी खिडकीला टेकवून ठेवलेली, आणि उजेड पाचही नावांतून येत होता. सगळ्यात खाली एल्देर क्रावेइरो. छपाईत एखादा भाग नको असला की जाळीवर चिकटपट्टी लावतात, शाई तिथून उतरत नाही. अर्जदाराने चिकटपट्टी घेतली आणि त्या नावावर लावली.

आर्मिंदो म्हणाला, "हे काय केलंस?"

"चार नावं छाप."

"पाच आहेत, झुल्मिरा."

"चार आहेत. चौघांना आपण पाहिलंय. पाचव्याला कुणी पाहिलंय का? तू पाहिलंस?"

त्याने पहिली रास चार नावांनी छापली. खाली एका नावाएवढी पांढरी जागा सुटली. शर्ट घडी करताना अर्जदाराला ती जागा दिसत होती. ती जागा असणे तिला बरे वाटत होते.

१०. त्याच आठवड्यात अर्जदार आपल्या कार्यालयात खुलासा करण्यासाठी आली. आर्मिंदोला सांगितले होते की, तिसऱ्याचे नाव न काढता काही होते का ते बघते. खिडकीवर नवीन मुलगी होती. गावातली नव्हती, तिला काही ठाऊक नव्हते. तिने नोंद पाहिली आणि म्हणाली, "हे एल्देर क्रावेइरो तुमचे कोण?"

"मुलगा."

"मग सोपं आहे मावशी. त्यांनाच इथं यायला सांगा. एक सही केली की झालं."

अर्जदार म्हणाली, "तो समुद्रावर आहे."

मुलगी म्हणाली, "हरकत नाही, परत आले की पाठवा."

अर्जदार म्हणाली, "हो. पाठवते."

महोदया, त्या मुलीला कृपया काही बोलू नये. तिने अतिशय गोड आवाजात सांगितले होते. अर्जदार आपल्या कार्यालयाच्या पायऱ्या उतरली तेव्हा तिला वाटले की कुणीतरी अधिकाराने सांगितले आहे, परत आले की पाठवा. ती बाजारातून सार्डिन मासे घेऊन, रस्त्यात दोन बायकांशी बोलून घरी निघाली. आर्मिंदोला हे सांगायचे होते. तो हसेल असे वाटत होते.

११. घराचे दार बंद होते. गर्मीचे दिवस, ड्रायरचा आवाज येत होता आणि दार बंद. तो काय छापतो ते तिला दिसू नये म्हणून त्याने ते बंद केले होते हे अर्जदाराला नंतर कळले. आत पांढरे धुके होते. पट्टा फिरत होता. पट्ट्याच्या तोंडाशी शर्ट एकावर एक पडून मोठा ढीग झाला होता, वरचे काही जमिनीवर घसरले होते. आर्मिंदो त्यांच्यापाशी आडवा पडलेला होता. त्याचा एक हात शर्टांखाली होता.

अर्जदाराने कुश्तोदिया बाईंना हाक मारली. त्या वयाच्या बाई कुंपण ओलांडून कशा आल्या हे देवच जाणे. दोघींनी त्याला काखेत धरून अंगणात ओढले. बाई त्याच्या तोंडावर पाणी मारत ओरडत होत्या, "ऊठ रे गाढवा! ऊठ! हिला एकटीला कुठं टाकून निघालास?" तो खोकला. मग रुग्णवाहिका आली.

ड्रायर बंद करायला अर्जदार आत परत गेली तेव्हा तिने शर्ट पाहिले. त्याने चिकटपट्टी काढली होती. प्रत्येक शर्टावर पाच नावे होती. एल्देर क्रावेइरो, एल्देर क्रावेइरो, एल्देर क्रावेइरो, ढीगभर. शर्ट अजून गरम होते.

१२. डॉक्टरांनी सांगितले की छाती आधीच खराब झाली होती, त्यात गर्मी आणि कोंडलेली वाफ. जगले हे नशीब, पण या माणसाने पुन्हा त्या हवेत उभे राहायचे नाही. आर्मिंदोच्या नाकाला नळ्या होत्या. बोलायची मनाई होती. तरी अर्जदार खाटेशी बसली तेव्हा त्याने विचारले, "नाव नीट उमटलं का गं?"

अर्जदार म्हणाली, "हो."

"कडा?"

"स्वच्छ आल्यात. एकही अक्षर फाटलेलं नाही."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "मी त्याला म्हटलं होतं ना, तिथं हवा भरपूर." आणि तिथे, सगळ्यांदेखत, कुठलीही वाफ नसताना, तो रडू लागला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे वळवले. अर्जदाराने त्याचा हात धरून ठेवला. ती म्हणाली, "पंखा मी पुसत जाईन आता."

१३. मिरवणुकीला लोकांनी पाच नावांचे शर्ट घातले. चार नावांचे शर्ट अर्जदाराने चिटणिसांना दिले नाहीत. ते एल्देरच्या कपाटात आहेत. मिरवणुकीच्या दिवशी ती आणि कुश्तोदिया बाई धक्क्यावर उभ्या होत्या. बोटी गेल्या तेव्हा बाई म्हणाल्या, "ऐक. माझ्या नवऱ्याच्या कागदावर मी सही केली ना, तेव्हा वाटलं, मीच बुडवला त्याला. किती वर्षं तसंच वाटलं. मग एक दिवस भांडी घासताना कळलं, समुद्र माझ्या सहीसाठी थांबला नव्हता गं. मीच थांबले होते."

अर्जदाराने विचारले, "न्यायालयाकडे कुठली बस जाते?"

बाई म्हणाल्या, "चल, मी येते. एकटीनं जायचं नसतं तिथं."

१४. न्यायालयात वाटले होते त्याहून लवकर झाले. किनाऱ्यावरून पाहणाऱ्यांचे जबाब आधीच होते. जिचे म्हणणे हवे होते ती तेवढी आली नव्हती. दाखल्यावर मृत्यूची तारीख बोट उलटली त्या दिवसाची आहे. म्हणजे मधल्या सगळ्या काळात, अर्जदार त्याची गादी उन्हात घालत होती, त्याचे बूट तेल लावून ठेवत होती, तेव्हा तो कागदावर मेलेलाच होता. हे वाचून अर्जदाराला राग येईल असे वाटले होते. आला नाही. फार थकवा आला. परतीच्या बसमध्ये ती बाईंच्या खांद्यावर डोके ठेवून झोपली.

१५. सध्याची परिस्थिती अशी : आर्मिंदो घरी आहे. अंगणात खुर्ची टाकून बसतो, कोरड्या शर्टांच्या घड्या करतो. चालला तर कुंपणापर्यंत. ड्रायर आता अर्जदारालाच चालवावा लागणार. शाळा सुरू झाली आहे, क्रीडा मंडळाचे शर्ट आलेले आहेत, ते तसेच पडून आहेत, कारण त्या हवेत उभे राहायचे नाही हे तिने आर्मिंदोला वचन दिले आहे. वाफेला वाट मिळाल्याशिवाय ते वचन आणि काम, दोन्ही सांभाळता येणार नाहीत.

सबब विनंती की :

(अ) मागच्या भिंतीवर, पंखेवाल्याने काढलेल्या नकाशाप्रमाणे, नळी बसवण्याची परवानगी द्यावी. तोंड कुश्तोदिया बाईंच्या दोरीपासून उलट दिशेला ठेवले आहे. बाईंनी स्वतः कुंपणावर उभे राहून हात दाखवत दिशा ठरवली आहे.

(आ) सदर खोलीची नोंद 'झोपण्याची खोली' ऐवजी 'सामानाची खोली' अशी करावी. खिडकी विटांनी बंद करण्यास अर्जदाराची हरकत नाही. गवंडी ठरवला आहे.

(इ) निरीक्षकांनी खोली पाहायला यायचे असल्यास आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे आर्मिंदोला डॉक्टरकडे किंवा कुठेतरी नेता येईल. खोली अजून आवरलेली नाही. अर्जदार ती आवरणार आहे. पलंग काढायला दोन माणसे लागतात आणि आर्मिंदोला वजन उचलायला मनाई आहे, एवढेच कारण आहे.

(ई) खोलीत जाताना निरीक्षकांनी बुटांबद्दल काही विचारू नये.

आपल्या कार्यालयाने या प्रकरणात नियमाबाहेर काही केले असे अर्जदाराचे म्हणणे नाही. सगळ्यांनी आपापल्या परीने बरोबरच केले. तरी हा तिसरा अर्ज आहे, आणि चौथा लिहिण्याचे बळ आता उरलेले नाही.

आपल्या होकाराकडे डोळे लावून बसलेली,

झुल्मिरा क्रावेइरो
जाळेवाल्यांची गल्ली, विलार दा फोश
१८ सप्टेंबर २०१९

सोबत :
१) पंखेवाल्याचा नकाशा.
२) कुश्तोदिया बाईंचे तक्रार मागे घेतल्याचे पत्र. आपल्याला चालत नाही हे माहीत आहे, त्यांनी जोडायचा आग्रह धरला.
३) डॉक्टरांचे पत्र.
४) मृत्यूचा दाखला, मूळ प्रत. पाहून परत करावा.
५) घरातील रहिवाशांच्या संख्येचे प्रपत्र. आकडा एकदा खोडून पुन्हा लिहिल्याने नीट आलेला नाही. तो 'दोन' असा वाचावा.